वीस म्हणजे वीसच, हे ठरवणारा माणूस : कार्ल एडवर्ड योहान्सन

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आयटीआयला फिटर ट्रेड करून एका कारखान्यात लागलाय. चेहरा अगदी पडलेला. त्याने घासलेल्या पिनांचा आख्खा ट्रे रिजेक्ट झाला होता. ड्रॉइंगवर २० मिलिमीटर आणि पुढे अधिक-उणे ०.०२ लिहिलेलं. म्हणजे १९.९८ पासून २०.०२ पर्यंत काहीही चालेल, त्याच्या बाहेर नाही. याने व्हर्नियर लावून २० बघितलं आणि पुढे सरकला. आता व्हर्नियरच मुळी ०.०२ च्या खाली वाचत नाही, तो बिचारा काय सांगणार? मुलाचा राग वेगळाच होता. तपासणाऱ्याचं वीस बरोबर आणि माझं वीस चूक, हे कोणी ठरवलं?

प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर एका स्वीडिश कारागिराच्या आयुष्यात सापडतं, म्हणून त्यांची ओळख करून देतोय.

कार्ल एडवर्ड योहान्सन यांचा जन्म १८६४ चा. तरुणपणी नशीब आजमावायला ते अमेरिकेत मिनेसोटाला गेले, थोडं शिकले, लाकडाच्या गिरणीत राबले आणि मायदेशी परतले. एस्किलस्टुना हे स्वीडनमधलं लोहारकामाचं नावाजलेलं गाव. तिथल्या सरकारी रायफल कारखान्यात ते लागले आणि पुढे तयार हत्यारं तपासण्याच्या कामावर आले.

रायफलचा सुटा भाग दुसऱ्या कोणत्याही रायफलला बसला पाहिजे, ही तिथली अट. आपल्याकडे जुना सुतार चौकट करताना दोन सूत इकडेतिकडे झालं तर रंधा मारून जुळवून घेतो. एकाच हाताने दार आणि चौकट दोन्ही केलेली असतात, म्हणून ते चालतं. पण हजारो रायफली, शेकडो हात, आणि युद्धात एक भाग मोडला की पेटीतून दुसरा काढून लावायचा, तिथे घासून बसवायला वेळ कोणाला? म्हणून प्रत्येक मापाला मर्यादा ठरते आणि ती तपासायला गेज लागतो. एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. गो आणि नो-गो. कामगाराला आकडा वाचायचीही गरज उरत नाही.

पण मग गेज बरोबर आहे हे कोण बघणार? त्यासाठी आणखी एक पक्कं माप, प्रत्येक आकाराला वेगळं. १८९६ मध्ये स्वीडनने जर्मनीच्या माउझर कंपनीची रायफल घ्यायची ठरवली, आणि पाहणीसाठी ओबर्नडॉर्फला गेलेल्या मंडळींत योहान्सनही होते. तिथे त्यांनी अशा मापांच्या तुकड्यांचे ढीगच्या ढीग पाहिले. एस्किलस्टुनात हे सगळं परत बनवायचं तर किती वर्षं आणि किती पैसा! परतीच्या रेल्वे प्रवासात त्यांच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. प्रत्येक मापाला वेगळा तुकडा कशाला? थोडेच तुकडे असे निवडले की एकावर एक ठेवून हवं ते माप तयार होईल, तर?

आपण वजनाच्या काट्यावर हेच तर करतो. तराजूवाल्याकडे तीन किलोचं वेगळं वजन नसतं, दोन आणि एक मिळून भागतं. योहान्सन यांच्या संचात १०२ तुकडे होते. १.०१ पासून १.४९ पर्यंत शंभरांशाच्या टप्प्याने ४९, अर्ध्यापासून साडेचोवीसपर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने आणखी ४९, आणि २५, ५०, ७५, १०० हे चार. ३७.३६ हवंय? १.३६, ११ आणि २५ जोडा, झालं. एवढ्या तुकड्यांतून १ ते २०१ मिलिमीटरमधली वीस हजार मापं निघतात. आठवी-नववीच्या मुलांना हा हिशोब फळ्यावर करून दाखवा, वर्ग शांत बसतो की नाही बघा.

कागदावर सोपं, पोलादात महाकठीण. पाच तुकडे जोडले तर पाचांच्या चुकाही जोडल्या जातात, म्हणून प्रत्येक तुकडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास खरा हवा. योहान्सन यांनी घरातलं बायकोचं शिलाई मशीन बदलून घासण्याचं यंत्र केलं आणि नोकरी सांभाळून घरीच तुकडे घासत बसले. (शिवणकाम मग कसं चालायचं, हा प्रश्न माझ्या बेगमने विचारला. मला उत्तर देता आलं नाही.) पृष्ठभाग इतके सपाट झाले की दोन तुकडे एकमेकांवर दाबून सरकवले की डिंकाशिवाय चिकटून बसतात. १९०१ मध्ये त्यांना स्वीडनचं पेटंट मिळालं.

दोन भानगडी उरल्या होत्या. पहिली उष्णतेची. पोलाद तापलं की वाढतं. शंभर मिलिमीटरचा तुकडा २० अंशांवर खरा असेल, तर आपल्या उन्हाळ्यातल्या ४० अंशांवर तो साधारण २३ मायक्रॉनने मोठा भरतो. गेज आणि पिन दोन्ही पोलादाचे, दोन्ही सारखेच तापलेले, तर फरक पडत नाही. पण मशीनवरून काढलेली गरम पिन लगेच मोजाल तर फसाल. योहान्सन यांनी २० अंश धरले, आणि पुढे जगाने मापाचं तेच तापमान ठरवलं.

दुसरी भानगड इंचाची. इंग्रजांचा इंच २५.४ मिलिमीटरपेक्षा केसभर कमी, अमेरिकेचा केसभर जास्त. केसभर म्हणणंही जास्तच झालं, पण त्यांच्या तुकड्यांना तेवढंही परवडत नव्हतं. दोन देशांसाठी दोन संच करण्याऐवजी त्यांनी १९१२ च्या सुमारास सरळ २५.४ धरून माल बनवला. ना सरकारचा हुकूम, ना परिषदेचा ठराव. कारखाने तेच तुकडे वापरत गेले, १९३० मध्ये ब्रिटनच्या आणि १९३३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ते मान्य केलं. इंग्रजी बोलणाऱ्या देशांच्या सरकारांनी १९५९ मध्ये करार करून मोहोर उठवली, तोवर योहान्सन जाऊन सोळा वर्षं झाली होती.

धंद्यात मात्र त्यांचा जम फारसा बसला नाही. अमेरिकेतला कारभार १९२३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने घेतला आणि योहान्सनही डिअरबॉर्नला तिथेच कामाला गेले. बहात्तराव्या वर्षापर्यंत काम करून १९३६ मध्ये ते स्वीडनला परतले. ३० सप्टेंबर १९४३ रोजी त्यांचं निधन झालं. स्वीडनच्या अभियांत्रिकी अकादमीने सुवर्णपदक दिलं ते त्यांच्या मृत्यूनंतर.

माझ्या विद्यार्थ्याने नंतर कारखान्यातल्या तपासणी खोलीत जाऊन ती लाकडी पेटी पाहून घेतली. आपल्याकडे तिला स्लिप गेजचा बॉक्स म्हणतात. आता मायक्रोमीटर हातात घेण्याआधी तो त्याची खात्री त्या तुकड्यांवर करून घेतो, आणि पिन थंड होईपर्यंत थांबतो.