सगळ्याच बाळांना एक थेंब

बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलेल्या डॉक्टरला कार्ल क्रेडे हे नाव दोनदा भेटते. एकदा पोट दाबून वार बाहेर काढण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे. ती आता मागे पडली आहे. दुसऱ्यांदा नवजात बाळाच्या डोळ्यांत घालायच्या थेंबामुळे.

क्रेडे यांचा जन्म १८१९ सालचा, बर्लिनचा. तिथे सुईणींच्या शाळेचे प्रमुख म्हणून काम केल्यावर १८५६ मध्ये ते लाइपझिगला प्राध्यापक झाले आणि विद्यापीठाचे प्रसूतिगृह त्यांच्या हाती आले. त्या काळी खात्यापित्या घरातली बाई घरीच बाळंत होई. प्रसूतिगृहात येत त्या मोलकरणी, गरीब कामगार बायका, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली. आजारपणाचा विमा जर्मनीत १८८३ मध्ये आला, तोही काही कामगारांपुरता. त्याआधी या बायकांना आधार होता तो अशा संस्थांचाच.

तिथे जन्मलेल्या बाळांचे डोळे दोन-तीन दिवसांत सुजत, त्यांतून पू वाहू लागे. बुबुळावर जखम होई आणि कित्येकदा दृष्टी कायमची जाई. युरोपातल्या अंधशाळांत अशा मुलांचा भरणा मोठा होता. कारण होते आईला असलेला परमा. बाळ बाहेर येताना जंतू त्याच्या डोळ्यांत जात. हा जंतू नायसर यांनी १८७९ मध्ये दाखवला, पण संसर्ग आईकडून येतो हा अंदाज क्रेडे यांना आधीपासून होता. म्हणून त्यांनी प्रथम आईचा जननमार्ग औषधी पाण्याने धुऊन पाहिला. फारसा फरक पडला नाही.

मग त्यांनी बाळाकडे लक्ष वळवले. १८७९ च्या अखेरीस टाकणखाराचे पाणी वापरले, त्यानंतर सिल्व्हर नायट्रेट. पण हे थेंब ज्या आया आजारी दिसत, त्यांच्याच बाळांना मिळत. ज्यांच्या आया ठणठणीत वाटल्या, अशा बाळांचे डोळे येतच राहिले. परमा बाईच्या अंगात काही लक्षण न दाखवता राहू शकतो. आणि लक्षण असले तरी ती ते सांगेलच असे नाही. तीस वर्षे सरकारी रुग्णालयात काढल्यावर मी हे खात्रीने सांगतो.

१ जून १८८० पासून क्रेडे यांनी निवड करणे सोडले. नाळ कापायची, बाळाला अंघोळ घालायची, डोळे स्वच्छ पाण्याने पुसायचे आणि काचेच्या कांडीने दोन टक्के सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब. आई कोण, कशी, हे विचारायचे नाही. १८७४ मध्ये तिथल्या शंभरातल्या तेरा-चौदा बाळांचे डोळे येत होते. जूननंतर सुमारे दोनशे बाळांमध्ये एकच रुग्ण निघाला.

विरोधही झाला. थेंबाने डोळे लाल होत, ही तक्रार खरीच होती. घरंदाज बाईच्या बाळाला हे औषध म्हणजे तिच्या चारित्र्यावर शंका, ही ओरड मात्र निराळी. मला वाटते, सरसकट देण्याचा मोठा फायदा नेमका इथे होता: सगळ्यांनाच दिले की कोणावरच बोट रोखले जात नाही. पुढे अनेक देशांत सुईणींना हे थेंब घालणे सक्तीचे झाले. अमेरिकेतल्या काही राज्यांनी सरकारी खर्चाने औषध फुकट वाटले. क्रेडे १८९२ मध्ये वारले.

सिल्व्हर नायट्रेट आता जवळपास हद्दपार झाले आहे. काही देश जन्मतःच प्रतिजैविक मलम लावतात, काही ठिकाणी त्याऐवजी गरोदरपणातच आईची तपासणी व उपचार होतात. आजार मात्र संपलेला नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळाच्या पापण्या सुजल्या, पू येऊ लागला, तर काजळ किंवा आईच्या दुधाचे थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या, आणि आईनेही स्वतःला तपासून घ्यावे. बाळाच्या वडिलांनीही.