गुणसूत्रे मोजणाऱ्या जानकी अम्मल

बारावीला असताना कांद्याच्या मुळाचे टोक काचपट्टीवर दाबून पेशीविभाजन पाहण्याचा प्रयोग आम्हांला होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी बराच वेळ बसले. लाल ठिपक्यांपलीकडे काही दिसेना. सरांना मात्र दिसले म्हणून सांगितले, पुस्तकातली आकृती वहीत उतरवली आणि पुढच्या वर्षी कलाशाखेत नाव घातले. यंदा जानकी अम्मल यांच्याविषयी वाचताना तो खोटेपणा आठवला. कारण या बाई जन्मभर हेच करीत होत्या. गुणसूत्रे पाहायची, मोजायची आणि लिहून ठेवायची.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा, आजच्या केरळातील तेल्लिचेरीचा. आपल्या बार्शीला छोटी रेल्वे आली तेच हे वर्ष. वडील न्यायखात्यात, भावंडे पुष्कळ, घरात बागेचा नाद. मद्रासला शिक्षण झाले. लग्नाचे घाटत होते; जानकींनी ते बाजूला ठेवून परदेशातली शिष्यवृत्ती पत्करली आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ साली मिळवली. चरित्रात हे एका ओळीत येते. आमच्या वर्गातल्या दोघी दुसऱ्या वर्षानंतर आल्याच नाहीत. त्यांच्या लग्नात आम्ही सगळ्याजणी अक्षता टाकून आलो. म्हणून ती ओळ मी दोनदा वाचली.

१९३४ साली त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाल्या. त्यांनीच भारताचा ऊस गोड केला, असे सर्रास छापले जाते. ते खरे नाही. जाड गोड ऊस आणि पांढऱ्या तुऱ्यांचे काश हे रानगवत यांच्या संकरातून को २०५ ही जात बार्बर आणि वेंकटरामन यांनी काढली व ती १९१८ साली शेतात गेली. तेव्हा जानकी शिकतच होत्या. दुसऱ्याचे श्रेय त्यांच्या पदरात टाकायची काही गरज नाही. त्यांचे स्वतःचे काम पुरेसे मोठे आहे. संकर झाल्यावर पेशीच्या आत काय घडते, ते त्यांनी पाहिले.

हे समजायला मला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगते. पेशी दुभंगण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते आणि मूळ व नक्कल एकमेकांना बांधलेली राहतात. पेशीच्या दोन्ही टोकांकडून धागे येतात आणि प्रत्येक जोडीला दोन बाजूंनी धरतात. सगळ्या जोड्या नीट धरल्या गेल्या की मगच बंधन तुटते आणि एकेक भाग एकेका टोकाकडे ओढला जातो. आधीच तुटले तर वाटणी चुकते. बांधून ठेवणारी ही प्रथिनाची कडी, कोहेसिन, शास्त्रज्ञांच्या हाती लागली ती १९९७ साली, म्हणजे जानकींच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी. पराग आणि बीजांडे तयार होताना आणखी एक पायरी असते: आईकडून आलेले गुणसूत्र वडिलांकडून आलेल्या आपल्या जोडीदाराला शोधते. गोड उसात गुणसूत्रे ८०, ज्वारीत २०. जानकींनी ऊस आणि मका, ऊस आणि ज्वारी असे दूरचे संकर अभ्यासले. (आम्हां ज्वारीच्या मुलखातल्यांना हे ऐकून गंमत वाटते.) अशा संकरात पुष्कळ गुणसूत्रांना जोडीदारच मिळत नाही. वाटणी वेडीवाकडी होते आणि झाड बहुधा वांझ निघते.

मागास गणल्या गेलेल्या तिय्या समाजातली, अविवाहित, एकटी बाई. कोइमतूरला त्यांचा मार्ग सोपा नव्हता. १९३९ साली त्या एडिंबरोच्या परिषदेला गेल्या, तोच महायुद्ध पेटले आणि त्या इंग्लंडातच राहिल्या. लंडनच्या जॉन इनिस संस्थेत बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांतही काम चालू होते. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा जो कोश केला, तो १९४५ साली प्रसिद्ध झाला.

पुढे विस्ली येथील उद्यानात त्यांनी कोल्चिसिन हाती घेतले. हे विषारी द्रव्य आपल्या कळलावीतही असते, पावसाळ्यात कुंपणावर लालपिवळी फुले येतात तीच. कोल्चिसिन त्या ओढणाऱ्या धाग्यांनाच बनू देत नाही. बंधन सुटते, पण ओढून नेणारे कोणी नसते. सगळी गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात, दुप्पट. वांझ संकराला असे केले तर प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो आणि कधी कधी बीही धरते. जानकींनी मॅग्नोलियाच्या रोपांवर हा प्रयोग केला. त्यातल्या एका प्रकाराला त्यांचेच नाव आहे.

पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून १९५१ साली त्या परत आल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेचे काम पत्करले. त्यातल्या कचेरीच्या भागाविषयी मी फारसे लिहीत नाही. निवृत्तीनंतर काही काळ त्या आपल्या महाराष्ट्रात, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात होत्या. १९७० पासून मद्रासला. १९७७ साली पद्मश्री मिळाली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाणार, असे दिसताच ऐंशीच्या घरातल्या या बाई विरोधाला उभ्या राहिल्या. तिथल्या झाडांची गुणसूत्रे मोजून ठेवायची, असे त्यांनी ठरवले होते. वयाच्या त्या टप्प्यावरही पहिला विचार मोजणीचा! १९८३ साली धरणाची योजना सोडून देण्यात आली. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी जानकी अम्मल गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. ते पाहायला त्या नव्हत्या.

दिवाळीनंतर मी धाकट्या भावाबरोबर त्याच्या प्रयोगशाळेत गेले. सरांच्या परवानगीने कांद्याचे मूळ पुन्हा दाबले, रंगवले. तिसऱ्या काचपट्टीवर एका पेशीत काळपट लाल काड्या मधोमध गोळा झालेल्या दिसल्या. कांद्यात गुणसूत्रे सोळा असतात. मी चार वेळा मोजली, मला चौदाच दिसली. भावाच्या वहीत चौदा लिहिली.