१० वर्षं उभं केलेलं काल्पनिक साम्राज्य तिनं सोडलं, म्हणून जगाला ‘जेन एअर’ मिळाली

साल १८२६, जून महिना. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं हॉवर्थ नावाचं गाव. तिथले पाद्री पॅट्रिक ब्राँटे लीड्स शहरातून घरी परतले ते एक खोका घेऊनच. खोक्यात होते १२ लाकडी शिपाई.

खेळणी मुलासाठी, म्हणजे ब्रॅनवेलसाठी आणली होती. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या तिन्ही बहिणींनी त्यातला एकेक शिपाई उचलला आणि त्याला नाव दिलं. १० वर्षांच्या शार्लटनं आपल्या शिपायाचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ब्रॅनवेलनं मग हट्टानं आपल्याला नेपोलियन घडवला.

या घरात तेव्हा फारसा आनंद नव्हता. आई १८२१ मध्ये गेली होती. मारिया आणि एलिझाबेथ या दोन मोठ्या बहिणी शाळेच्या वसतिगृहात आजारी पडल्या आणि १८२५ मध्ये क्षयानं दगावल्या. राहिली चार भावंडं. त्यांनी आपलं स्वतःचं जग तयार करायला घेतलं.

आधी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘ग्लास टाऊन’ नावाचं शहर वसलं. मग त्याचा नकाशा आला, राजकारण आलं, लढाया आल्या. शहरात मासिकंही निघायची! ही मासिकं शिपायांनी वाचायची, म्हणून आकार काडेपेटीएवढा आणि अक्षर छापल्यासारखं बारीक. ते मोठ्यांना धड वाचताही यायचं नाही. कागद महाग होता, त्यामुळे साखरेच्या पुड्यांचा कागदही मुलांनी वापरला.

पुढे एमिली आणि ॲन वेगळ्या झाल्या आणि त्यांनी ‘गोंडाल’ नावाचं बेट उभारलं. शार्लट आणि ब्रॅनवेलनं १८३४ मध्ये नवं राज्य स्थापन केलं, त्याचं नाव ‘अँग्रिया’.

नाव ओळखीचं वाटतंय? जुन्या इंग्रजी पुस्तकांत कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या वारसांचा उल्लेख ‘अँग्रिया’ असाच व्हायचा. शार्लटचं अँग्रिया मात्र आफ्रिकेत होतं.

या राज्याचा राजा होता झामोर्ना. देखणा, गर्विष्ठ, बायकांना वेड लावणारा आणि त्यांचा घात करणारा. त्याचा शत्रू नॉर्थअँगरलँड हा ब्रॅनवेलचा लाडका. बहीण-भावानं मिळून या जगावर लाखो शब्द लिहिले.

खरी अडचण पुढे सुरू झाली

१८३५ मध्ये १९ वर्षांची शार्लट रो हेड या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली. घरची परिस्थिती बेताची होती, कमावणं भाग होतं. पण वर्गात मुली धडा वाचत असताना तिच्या डोळ्यांसमोर झामोर्ना उभा असायचा. कुणी शंका विचारली की ते दृश्य मोडायचं आणि तिचा संताप व्हायचा. हे सगळं तिनं आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय.

त्यात ती पडली पाद्र्याची मुलगी. कल्पनेतल्या पापी राजात इतकं रमणं म्हणजे देवापासून दूर जाणं, ही टोचणी तिला लागली. खोटं जग खऱ्यापेक्षा जास्त खरं वाटू लागलंय, हे तिला कळत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती.

१८३६ च्या शेवटी तिनं इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट साउदी यांना कविता पाठवून सल्ला मागितला. उत्तर मार्च १८३७ मध्ये आलं. साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, अशा दिवास्वप्नांनी मन रोजच्या जगण्यातून उडतं, असा त्याचा मथितार्थ. शार्लटनं ते पत्र जपून ठेवलं. लिहिणं मात्र थांबवलं नाही.

अखेर १८३९ च्या सुमारास तिनं एका पानावर अँग्रियाचा निरोप घेतला. त्या तळपत्या प्रदेशात आपण फार काळ राहिलो, आता मन थंडाव्याला, साध्या उजेडाला आसुसलंय, असा त्याचा आशय होता. त्या माणसांना सोडताना आपण परक्या देशात निघालोय असं तिला वाटत होतं.

चार भावंडं, वेगवेगळे रस्ते

ब्रॅनवेलला ते जग सुटलं नाही. मोठा झाल्यावरही तो वर्तमानपत्रांत नॉर्थअँगरलँड या नावानं कविता छापत राहिला. नोकऱ्या गेल्या, दारू आणि अफूनं त्याला पोखरलं.

एमिलीलाही सोडायचं नव्हतं, पण तिचं त्यावाचून काही अडलं नाही. १८४५ मध्ये ती आणि ॲन यॉर्कच्या सहलीला गेल्या, तेव्हा २६ वर्षांची एमिली वाटेत गोंडालची पात्रं वठवत होती. ॲनचं मन मात्र त्यातून निघत चाललं होतं. गोंडालमधल्या एमिलीच्या कविता १८४६ मध्ये तिघींच्या संग्रहात आल्या, त्याही गोंडालच्या खुणा पुसून. बहिणींनी पदरचे पैसे घालून काढलेल्या त्या संग्रहाच्या वर्षभरात खपल्या फक्त २ प्रती.

शार्लट दुसऱ्या टोकाला गेली. ‘द प्रोफेसर’ या पहिल्या कादंबरीत तिनं ठरवून राजे, युद्धं, वेडी प्रेमं बाहेर ठेवली. नायक साधा कष्टकरी शिक्षक. परिणाम? एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. अँग्रियाला कुलूप लावताना तिथली धगही तिनं आत कोंडली होती.

मग तिनं मधला रस्ता काढला. मुलुख खरा घेतला आणि आग अँग्रियाची. नायिका अँग्रियातल्यासारखी रूपवती राणी नव्हती. ती दिसायला साधी, अनाथ, पगारावर मुलं शिकवणारी होती. तिची शाळा बहिणींचा जीव घेणाऱ्या शाळेवर बेतलेली. आणि समोर रॉचेस्टर, ज्याच्यात अभ्यासकांना झामोर्नाची सावली दिसते. फरक इतकाच की झामोर्नापुढे बायका झुरायच्या, इथे नायिका बरोबरीनं उभी राहते आणि पटलं नाही तेव्हा निघून जाते.

ऑक्टोबर १८४७ मध्ये ‘जेन एअर’ आली, लेखकाचं नाव करर बेल. पुस्तक तुफान गाजलं.

पुढचा काळ क्रूर होता. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल, डिसेंबरमध्ये एमिली आणि मे १८४९ मध्ये ॲन गेली. खोक्यातले शिपाई वाटून घेणाऱ्या चौघांतली शार्लट एकटी उरली. ३१ मार्च १८५५ ला वयाच्या ३८ व्या वर्षी तीही गेली.

पण तिनं अँग्रियाचे कागद जाळले नव्हते. तिच्यानंतर ते नवऱ्याकडे राहिले. गोंडालच्या कथांचं गद्य आज उरलेलं नाही, शार्लटची काडेपेटीएवढी मासिकं मात्र टिकली. त्यातल्या १८३० च्या एका अंकावर २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ६ लाख युरोंची बोली लागली. हॉवर्थच्या ब्राँटे संग्रहालयानं तो विकत घेतला आणि अंक परत आपल्या घरी आला. संग्रहालय त्याच घरात आहे, जिथे १२ शिपायांचा तो खोका उघडला होता.