केडगावच्या पंडिता रमाबाई

आपले पणजोबा-खापरपणजोबा कराराच्या कागदावर अंगठा उठवून मुंबई बंदरातून जहाजात चढले, त्यामागे कर्ज होते, भूक होती आणि दुष्काळ होता. त्याच शतकातल्या दुष्काळाने एका विद्वान ब्राह्मण कुटुंबाचीही वाताहत केली. त्यातून वाचलेल्या मुलीची ही हकिगत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. बायकांनी संस्कृत शिकणे त्या काळी पाप मानले जाई. आईने पुढे तीच विद्या मुलीला दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराणे सांगे. दुष्काळ पडला तेव्हा जवळचे सगळे संपले होते. झाडपाला खाऊन दिवस काढले. काही महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा विशीच्या आतच होत्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून दोघे वाळूत खड्डा करून निजले होते. मी वर्गात मुलांना हा प्रसंग सांगते तेव्हा इथल्या अल दुहैलच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलांना थंडीची कल्पनाच करवत नाही.

१८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख टिकले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. दोन वर्षांच्या आतच पटकीने तेही गेले. कडेवर तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या आणि १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरोघरी गणपती बसवणाऱ्या आपल्या लोकांना हे थोडे अवघड जाईल, पण त्यांचे चरित्र हे सोडून सांगता येत नाही. धर्म बदलला तरी मान तुकवली नाही. कोणते मत स्वीकारायचे हे त्यांनी तिथल्या धर्मगुरूंनाही ठरवू दिले नाही. शाकाहार आणि साडी त्यांनी सोडली नाही.

१८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले. रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती मी समजू शकते, कारण धर्म गेला की नाते तुटे. तरी दार बंद करून प्रार्थना केली असती तर वाद टळला असता, आणि बाईंनी ते केले नाही, हेच मला मोठे वाटते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. मदतछावण्यांतल्या अनाथ मुलींवर वाईट माणसांची नजर होती. आपलीच भूक त्यांना आठवली असणार. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, म्हणून केडगावच्या शेतात तंबू व झोपड्या उभ्या केल्या. तेच मुक्तिसदन. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले होते, तीही मुदत संपत आली होती. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्यावर माणसे दोन हजारांच्या घरात गेली. वर शंभराहून अधिक गुरे. विहिरी रोज संध्याकाळी तळ दाखवत. बाई मुलींना घेऊन प्रार्थनेला बसत, आणि सकाळी दिवसभर पुरेल इतके पाणी चढलेले असे. बाईंनी हे देवाचे देणे मानले आणि आपल्या साक्षीत तसे लिहून ठेवले. कोणी म्हणेल, विहीर रात्रीतून भरतेच. खरे आहे. पण रिकाम्या विहिरीच्या काठी दोन हजार जिवांना घेऊन शांत झोपायला धीर लागतो, आणि तो त्यांना कुठून मिळाला हे त्यांनी कधी लपवले नाही.

बाई नुसत्या प्रार्थनेवर थांबल्या नाहीत. मुली विणकाम, शेती, गुरांचे काम, छपाई शिकल्या. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवीत. पुढे बाईंना ऐकू येईनासे झाले, तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवायला घेतले. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्याही त्यांच्याच मुली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती लेक. बाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते बायबल छापून बाहेर पडले. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव स्टेशन लागते. मुक्तिसदन तिथे आजही चालू आहे.