मराठी वाक्याला टिंब देऊन थांबायला शिकवणारा इंग्रज मेजर

मौदा, नागपूर जिल्हा. इथल्या मराठी शाळेतलं पाचवीचं पोरगं हिंदीच्या वहीत वाक्य संपलं की उभी रेघ मारतं आणि मराठीच्या वहीत टिंब देतं. लिपी एकच, देवनागरी. मग वाक्य संपवायची खूण वेगळी कशी?

मराठीच्या त्या टिंबामागे एका इंग्रज माणसाचा मोठा हात आहे. मेजर थॉमस कँडी.

कँडीचा जन्म १८०४ सालचा, इंग्लंडमधला. विशीच्या आतच तो फौजेत नोकरी धरून हिंदुस्थानात आला. इथे त्याला मराठीचा नाद लागला. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्या कामात थॉमस आणि त्याचा जुळा भाऊ जॉर्ज असे दोघेही होते. पुढे मोल्सवर्थ तब्येतीपायी मायदेशी गेला आणि उलट बाजूचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश अर्धवट राहिला. तो कँडीने पुरा केला, १८४७ मध्ये.

दरम्यान पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा कारभार त्याच्याकडे आला होता. सरकारी भाषांतरं आणि शाळेची पुस्तकं तपासणं हेही त्याचंच काम. इथे खरी अडचण समोर आली.

तोवरचं मराठी गद्य मुख्यतः मोडीत. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धतही नव्हती. पत्र संपलं हे दाखवायला मोर्तब होतं, वाक्य संपलं हे दाखवायला काहीच नाही. पोथ्यांत ओवी संपली की दंड यायचा, पण तो पद्यासाठी. जाणत्या कारकुनाचं यात काही अडत नसे. क्रियापद आलं की वाक्य संपलं हे त्याला कळायचं.

पण शाळेतल्या पोराचं काय?

तू येणार, एवढे दोनच शब्द घ्या. टिंब दिलं तर ती माहिती. पुढे प्रश्नचिन्ह आलं तर विचारणा. उद्गारचिन्ह आलं तर आनंद, नाहीतर वैताग! शब्द तेच. बोलताना हा फरक आवाज करतो, कागदावर आवाज नसतो. विधानार्थी, प्रश्नार्थी आणि उद्गारार्थी वाक्यं मुलांना शिकवायची तर आवाजाच्या जागी काहीतरी हवंच होतं. (का, काय, कोण असले शब्द प्रश्न ओळखू देतात हे खरं, पण ते दर वेळी असतातच असं नाही.)

१८५० साली कँडीचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटं पुस्तक निघालं. कुठे किती थांबायचं आणि कुठली खूण द्यायची, हे त्यात मराठीतून मांडलं होतं. त्याच्या नजरेखालून जाणाऱ्या पाठ्यपुस्तकांमुळे या खुणा शाळाशाळांत पोचल्या.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. मराठी पुस्तकात काय बरोबर हे साहेबाने ठरवायचं, याचा राग अनेकांना होता. त्याच्या वळणाने मराठी वाक्यरचना इंग्रजीसारखी ताठ झाली, अशीही तक्रार झाली. तक्रारीत तथ्य होतं. पण गंमत अशी, की तक्रार करणाऱ्यांच्या छापील लेखांतही पूर्णविराम आणि स्वल्पविराम होतेच.

आता पुन्हा मौद्याकडे. कँडीचं पुस्तक निघालं तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं, मुंबई इलाख्याच्या शाळाखात्याचा इथे संबंध नव्हता. राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख मध्य प्रांतात गेला आणि १९५६ पर्यंत हिंदी भागासोबत एकाच प्रांतात राहिला. हिंदीने दंड सोडला नाही. मराठीने टिंब घेतलं.

कँडी मायदेशी जाऊन स्थिरावला नाही. १८७७ साली महाबळेश्वरला तो वारला. मौद्यातलं पोरगं मात्र घाईत अजूनही मराठीच्या वहीत उभी रेघ मारून मोकळं होतं आणि बाई लाल पेनाने तिचं टिंब करतात.