लिली येर्लोव

लिली येर्लोव (१९१०–१९९८) या नॉर्वेमधील अभिलेखतज्ज्ञ आणि मध्ययुगीन चर्चच्या उपासनाविधींच्या अभ्यासक होत्या. ओस्लो येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झालेल्या लॅटिन चर्मपत्रांच्या तुकड्यांवरून त्यांनी निदारोस (आजचे ट्रॉनहाइम) येथील आर्चबिशप-पीठाची उपासनापद्धती पुन्हा उजेडात आणली.

पार्श्वभूमी

येर्लोव यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी नॉर्वेतील जुन्या ग्रंथांची काय गत झाली, हे आधी पाहावे लागते. निदारोसचे पीठ ११५२-५३ मध्ये स्थापन झाले. नॉर्वेबरोबरच आइसलँड, ग्रीनलँड, फेरो आणि ऑर्कनी बेटे त्याच्या अधिकारक्षेत्रात येत. १०३० मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत पडलेला राजा ओलाव्ह याचे अवशेष निदारोसच्या कॅथेड्रलमध्ये असल्याने ते मोठे तीर्थक्षेत्र बनले होते. १५३६-३७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने नॉर्वेत ल्यूथरप्रणीत धर्मसुधारणा लागू केली आणि जुन्या विधींची हस्तलिखिते निरुपयोगी ठरली. राजाच्या महसूल अधिकाऱ्यांनी ती कापून त्यांचे चर्मपत्र जमाखर्चाच्या चोपड्या बांधण्यासाठी वापरले. ज्या हिशेबांसाठी हे ग्रंथ फाडले गेले, त्याच हिशेबांमुळे त्यांचे तुकडे वाचले, कारण करवसुलीचे कागद सरकारने सांभाळून ठेवले. आज अभिलेखागारात असे सुमारे ६००० तुकडे आहेत.

निदारोस पीठाचा मिस्साग्रंथ आणि नित्यप्रार्थनेचा ग्रंथ १५१९ मध्ये अनुक्रमे कोपनहेगन व पॅरिस येथे छापले गेले होते. परंतु त्यांतून दिसते ते या परंपरेचे अखेरचे रूप. आधीची चार-पाच शतके या तुकड्यांतच शोधावी लागतात.

संशोधन

एखादी अरुंद पट्टी हाती आली की अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, स्वरलिपी आणि प्रार्थनांचा क्रम यांवरून ती कोणत्या काळातील, कोणत्या देशात लिहिलेल्या व कोणत्या प्रकारच्या ग्रंथातील आहे, हे ठरवावे लागते. एकाच ग्रंथाच्या पट्ट्या अनेकदा निरनिराळ्या जिल्ह्यांच्या हिशेबांत विखुरलेल्या सापडतात. हे काम चिकाटीचे, आणि बाहेरच्याला त्यातले फारसे दिसतही नाही. येर्लोव यांनी त्यात कित्येक दशके घालवली.

१९६१ मध्ये त्यांचा ‘अडोराशिओ क्रुसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुड फ्रायडेच्या दिवशी होणारे क्रुसाचे वंदन, एवढाच वरवर पाहता त्याचा विषय. प्रत्यक्षात इंग्लंडमधील दहाव्या शतकातील मठनियम आणि कँटरबरीचा आर्चबिशप लँफ्रँक याने अकराव्या शतकात घालून दिलेले नियम यांच्याशी नॉर्वेतील तुकड्यांची तुलना करून त्यांनी तेथील आरंभीच्या चर्चचे मूळ शोधले. अकराव्या शतकात नॉर्वे नावाला जर्मनीतील हाम्बुर्ग-ब्रेमेनच्या पीठाखाली होता. धर्मग्रंथांचे धागेदोरे मात्र मोठ्या प्रमाणावर इंग्लंडकडे जातात.

त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे १९६८ मध्ये प्रकाशित झालेली ‘ऑर्डो निद्रोसिएन्सिस एक्लेसिए’ ही संहिता. वर्षभरातील कोणत्या दिवशी कोणते पाठ व गीते म्हणावीत, याचा हा निदारोसचा विधिनिर्देशक ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आला. त्याची संहिता आइसलँडमधील हस्तलिखितांच्या आधारेही सिद्ध करावी लागली. मूळ पीठाचे नियम त्याच्या दूरच्या बेटाने जपून ठेवावेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाठोपाठ १९७९ मध्ये निदारोसच्या प्रतिगानांचा संग्रह ‘अँटिफोनारियम’ आला. १९८० मध्ये ‘लिटुर्जिका इसलँडिका’ हा आइसलँडच्या उपासनाविधींवरील द्विखंडात्मक ग्रंथ कोपनहेगन येथील आर्नामाग्नियन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

प्रभाव

येर्लोव यांचे ग्रंथ सर्वसामान्य वाचकांसाठी नाहीत. ते पानोपानी लॅटिन उद्धरणांनी भरलेले आहेत आणि त्यांतील विवेचन अत्यंत संक्षिप्त आहे. तरीही नॉर्वे व आइसलँडच्या मध्ययुगीन संगीताचा, लेखनकलेचा किंवा संतपूजेचा अभ्यास करणाऱ्याला त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. पुढच्या पिढीतील संशोधकांनी एस्पेन कार्लसेन यांच्या संपादनाखाली मध्ययुगीन नॉर्वेच्या लॅटिन हस्तलिखितांवरील लेखांचा एक संग्रह २०१३ मध्ये ओस्लो येथे प्रसिद्ध केला. तो येर्लोव यांच्या स्मृतीस वाहिलेला आहे.