गोळीचा वेग मोजणारा माणूस

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर सातारा-सांगलीतले पालक कधीकधी डॉक्टरांनाही विचारतात, मुलाने नेमबाजी सुरू केली आहे, गोळीच्या शास्त्रावरचे कोणते पुस्तक द्यावे? रिकामी काडतुसे पुन्हा भरायला शिकवणारे एखादे मिळेल का? या प्रश्नाचे उत्तर बेंजामिन रॉबिन्सच्या आयुष्यात सापडते.

रॉबिन्सचा जन्म १७०७ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे गरीब क्वेकर कुटुंबात झाला. युद्ध आणि शस्त्रे निषिद्ध मानणारा हा पंथ. मुलगा मात्र गणितात तल्लख निघाला. विशीतच तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि शिकवण्या करून पोट भरू लागला. पुढे किल्ले, पूल, तोफा यांच्या अभ्यासाकडे वळला.

तोफगोळ्याला हवेचा अडथळा जवळजवळ होतच नाही, असे त्या काळचे बहुतेक जाणकार धरून चालत. रॉबिन्सने धरून चालण्याऐवजी मोजायचे ठरवले. त्याने लाकडी फळी लावलेला जड लंबक टांगला आणि त्यावर गोळी झाडली. गोळी लाकडात रुतली की लंबक मागे जाई. तो किती मागे गेला हे त्याला जोडलेल्या फितीवरून कळे आणि त्यावरून गोळीचा वेग काढता येई. बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १,७०० फूट भरला. हवा नसती तर अशी गोळी २७ किलोमीटर गेली असती. प्रत्यक्षात ती त्याच्या विसाव्या हिश्शाइतकीही जात नसे. बाकीचे सारे हवा खात होती.

हे सारे त्याने १७४२ मध्ये तोफशास्त्राच्या नव्या तत्त्वांवरील पुस्तकात मांडले. थोर गणिती ऑयलरने १७४५ मध्ये त्याचे जर्मन भाषांतर केले आणि मूळ पुस्तकापेक्षा मोठ्या टिपा जोडल्या. तोफखान्यातील तरुण अधिकारी नेपोलियननेही ते अभ्यासले. १७४६ मध्ये रॉबिन्सला कोप्ले पदक मिळाले. नळीतील पिळामुळे गोळी सरळ जाते आणि पुढचा काळ अशाच बंदुकांचा आहे, हेही त्याने ओळखले होते. आजची रायफल याच तत्त्वावर चालते.

साताऱ्यात छत्रपती शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये निवर्तले. त्यानंतर सातच महिन्यांनी रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून मद्रासच्या दक्षिणेला, कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर उतरला. कंपनीचे किल्ले मजबूत करणे हे त्याचे काम होते. दोन महिन्यांत त्याला तापाने गाठले. त्यातून तो उठला, पण प्रकृती पूर्ववत झाली नाही. २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो तिथेच वारला. गोळीचा वेग मोजणाऱ्या या माणसाचा ताप मोजायला वैद्यांच्या हाती थर्मामीटर नव्हता. डासातून हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत शोधले ते १८९७ मध्ये.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. पहिले पुस्तक म्हणून अकरावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. वेग, संवेग, हवेचा रोध ही प्रकरणे नीट समजली की रॉबिन्स समजला. दुसरे, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची नियमपुस्तिका. काडतुसे भरण्याचे पुस्तक मात्र नको. एअर रायफलला काडतूस लागतच नाही, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.

राहिली तब्येत. एअर रायफलच्या छऱ्यांत शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूला घातक असते. छरे तोंडात धरू नयेत, रेंजवर काही खाऊ नये, घरी येताच साबणाने हात धुवावेत. दारूच्या बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. तिथे कानाला संरक्षण हवेच, कारण अशा आवाजाने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हा रॉबिन्सचा धडा इथेही लागू पडतो. वर्षातून एकदा मुलाची श्रवणचाचणी करून घ्या. डॉक्टरांनी सांगितले तर रक्तातील शिसेही तपासा.